रेघ उमटली, आता पुढे काय?

ऐरोलीच्या एका मुलाने विचारलंय: "आम्ही तिघं एमएस्सी बायोटेक. तापाच्या पेशंटसाठी एकच कागदी स्ट्रिप बनवतोय, तिच्यावर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो तिन्ही कळतील. बोटातून एक थेंब रक्त, १० मिनिटांत रिझल्ट, किंमत ५० रुपये. २० सॅम्पलवर करून बघितली, १० पॉझिटिव्ह एका लॅबवाल्या मित्राकडून, १० निगेटिव्ह म्हणजे कॉलेजातले मित्र. २० पैकी २० बरोबर आली. आता किंमत आणखी कशी उतरवायची आणि लायसन्सला किती दिवस लागतात?"

आधी अभिनंदन. कागदावर पहिली लाल रेघ उमटते तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे. मी तुमच्या शेजारच्याच स्टेशनवर, रबाळे एमआयडीसीत, रॅपिड किट बनवण्याच्या धंद्यात आहे. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा तापाचा रोग) साथ आली, त्याच पावसाळ्यानंतर मी या कामाला लागले. तेव्हापासून बऱ्याच स्ट्रिप पाहिल्या. टेबलावर चालणाऱ्या शंभरातल्या किती बाहेर चालतात, हे मोजायचं मी सोडून दिलंय.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण ती शेवटी. कारण किंमत आणि लायसन्स या दोन्ही गोष्टी एकाच गोष्टीवर ठरतात, आणि ती तुमच्या प्रश्नात नाही: ही स्ट्रिप कोण वापरणार, तापाच्या कितव्या दिवशी, आणि रेघ दिसल्यावर किंवा न दिसल्यावर तो माणूस काय वेगळं करणार? ठाण्यातला एमडी डॉक्टर, वागळे इस्टेटमधली छोटी पॅथॉलॉजी लॅब आणि शहापूर तालुक्यातलं उपकेंद्र, या तिघांसाठी तीन वेगळी किट लागतात. तुमचं गिऱ्हाईक कोण ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी उपकेंद्र धरून लिहिते, कारण स्वस्त आणि कुठेही नेता येणारी चाचणी खरोखर तिथेच लागते. लॅबसाठी बनवत असाल तर माझं निम्मं बोलणं सैल होईल.

पहिला मुद्दा तापाच्या दिवसाचा. डेंग्यूचं एनएस१ अँटिजेन, म्हणजे विषाणूचंच एक प्रोटीन, पहिल्या दिवसापासून रक्तात असतं आणि साधारण पाचव्या दिवसानंतर उतरू लागतं. आयजीएम अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढायला शरीर आधी बनवतं ती प्रोटीनं, चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागतात. लेप्टोच्या अँटिबॉडी तर पहिला आठवडा संपत येईपर्यंत पुरेशा नसतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी आलेल्या पेशंटमध्ये तुमची लेप्टोची रेघ येणारच नाही, मग त्याला लेप्टो असो वा नसो. स्ट्रिपचा त्यात दोष नाही. जे अजून रक्तातच नाही ते ती दाखवणार कशी? पण हातात तीन जागांची स्ट्रिप आणि लेप्टोची जागा कोरी, हे बघून समोरचा माणूस म्हणणार, "लेप्टो नाही." आणि पुराच्या पाण्यातून चालत आलेल्या त्या माणसाचं लेप्टोवरचं औषध, डॉक्सिसायक्लिन, लांबणार. एकेकटी चाचणी होती तोपर्यंत कुठली कधी करायची याचा विचार डॉक्टरला करावा लागत होता. तिन्ही एकत्र आल्या की तो विचार स्ट्रिपच करते असा समज होतो.

मलेरियाची गंमत उलटी आहे. फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रकारासाठी बहुतेक स्ट्रिप एचआरपी२ नावाचं प्रोटीन पकडतात, आणि ते मलेरिया बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळतं. जुलैत मलेरिया होऊन गेलेल्या बाईला ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला तर तुमची स्ट्रिप मलेरियाच दाखवत बसेल. शिवाय आपल्या ठाणे-मुंबई पट्ट्यात व्हायवॅक्स (मलेरियाचा दुसरा प्रकार) भरपूर, आणि त्याच्यात एचआरपी२ नसतंच. त्याच्यासाठी पीएलडीएच हे दुसरं प्रोटीन पकडावं लागतं. तुम्ही नेमकं काय पकडताय ते लिहिलेलं नाही. नुसतं "मलेरिया" लिहून भागत नाही.

आता "एक थेंब रक्त". मलेरियाला ५ मायक्रोलीटर अख्खं रक्त पुरतं, पण लाल पेशी फुटाव्या लागतात, म्हणून बफरमध्ये (रक्तासोबत टाकायच्या द्रावणात) डिटर्जंट असतं. एनएस१ला बऱ्याच किटमध्ये १०० मायक्रोलीटरच्या आसपास सॅम्पल लागतं, नाहीतर कमी अँटिजेन असलेले पेशंट सुटतात. आयजीएमला मात्र सॅम्पल थोडं आणि पातळ केलेलं हवं. या तिघांना एका थेंबात, एका बफरमध्ये आणि एका मेम्ब्रेनवर, म्हणजे रेघ उमटते त्या पट्टीवर, नांदवायचं म्हणजे तीन सुनांना एका चुलीवर स्वयंपाक करायला लावण्यासारखं आहे. माझा सल्ला विचाराल तर एका मेम्ब्रेनवर तीन रेघांचा नाद सोडा. एका कॅसेटमध्ये शेजारी-शेजारी वेगळ्या स्ट्रिप ठेवा, प्रत्येकीची खिडकी वेगळी, सॅम्पलचं माप वेगळं. दिसायला कमी चकाचक, पण एक बिघडली तर बाकीच्यांना घेऊन बुडत नाही.

तुमच्या २० सॅम्पलकडे येते. तुम्ही लिहिलंय की १० पॉझिटिव्ह एका लॅबवाल्या मित्राकडून आली आणि १० निगेटिव्ह म्हणजे कॉलेजातले मित्र. राग मानू नका, पण यातून काहीच कळत नाही. लॅबने जपून ठेवलेली पॉझिटिव्ह ही बहुधा ठसठशीत पॉझिटिव्ह असतात. काठावरची कोणी ठेवत नाही. आणि ठणठणीत मित्राच्या रक्तात रेघ नाही आली यात नवल ते काय? निगेटिव्ह म्हणून तापाचेच पेशंट हवेत, ज्यांना टायफॉइड आहे, साधा व्हायरल आहे, चिकनगुनिया आहे. संधिवाताचे पेशंट हवेत, कारण त्यांच्या रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आयजीएमच्या चाचण्यांना हमखास फसवतो. गरोदर बायकाही घ्याव्यात. आकड्यांचं म्हणाल तर १० निगेटिव्हमध्ये एकही चूक झाली नाही, तरी खरा चुकांचा दर २५-२६ टक्क्यांपर्यंत असू शकतो. तो १ टक्क्याच्या आत आहे असं म्हणायला सलग ३०० निगेटिव्ह बिनचूक यावी लागतात.

आणि ती टक्केवारी हातात आली तरी तिचा अर्थ महिन्यागणिक बदलतो. समजा तुमची डेंग्यूची रेघ १०० खऱ्या पेशंटपैकी ९० पकडते आणि डेंग्यू नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर सोडते. चांगली स्ट्रिप म्हणायची. आता सप्टेंबरात तापाच्या १००० पेशंटपैकी ४०० जणांना डेंग्यू आहे असं धरा. स्ट्रिप ३६० पकडेल, उरलेल्या ६०० पैकी ३० जणांवर खोटी रेघ येईल. एकूण ३९० रेघा, त्यातल्या ३६० खऱ्या. छान. तीच स्ट्रिप फेब्रुवारीत वापरा, १००० पैकी २० जणांनाच डेंग्यू. स्ट्रिप १८ पकडेल, आणि बाकीच्या ९८० पैकी ४९ जणांवर खोटी रेघ. ६७ रेघांपैकी खऱ्या फक्त १८. स्ट्रिप तीच, बॅच तीच, कंपनी तीच. हे गणित तुमच्या किटमधल्या माहितीपत्रकात सोप्या मराठीत असायला हवं. माझ्या पाहण्यात ते कुणीच छापत नाही. मीही नोकरीतल्या पहिल्या दहा वर्षांत कधी छापलं नव्हतं.

आता टेबल सोडून बाहेर या. काही वर्षांपूर्वी एका चाचणीची पाहणी करायला मी शहापूरकडच्या एका उपकेंद्रात दोन दिवस बसले होते. पाऊस होता, वीज नव्हती. भातलावणीवरून उठून आलेला माणूस, हाताला घट्टे. सिस्टरनी लॅन्सेट टोचलं, रक्त आलं नाही. पुन्हा टोचलं, एक टिपूस आला. आमच्या किटमध्ये प्लास्टिकची पिपेट होती, तिच्यावर भरायची खूण होती. मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात ती खूण दिसत नव्हती. पिपेटमध्ये हवेचा बुडबुडा आला. बफरचे तीन थेंब टाकायचे होते, चार पडले, कारण बाटली आडवी धरली होती. तेवढ्यात बाहेर एक बाळंतीण आली आणि सिस्टर उठून गेल्या. परत आल्या तेव्हा ४० मिनिटं झाली होती. कॅसेटवर एक फिकट गुलाबी रेघ. वाचायची वेळ १५ ते २० मिनिटं होती, आणि त्यानंतर वाळताना मेम्ब्रेनवर अशा भुताटकीच्या रेघा येतात. त्यांनी माझ्यासमोर कॅसेट धरली आणि विचारलं, "मॅडम, ही रेघ धरायची का नाही धरायची?"

मला उत्तर देता आलं नाही. सिस्टरचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती. आम्ही किट एका शांत, उजेडाच्या, एसी खोलीत बसून बनवलं होतं. परत आल्यावर खूण असलेली पिपेट काढून आपोआप मापाचंच रक्त ओढणारी नळी टाकली. बफरची एक मोठी बाटली बंद केली आणि प्रत्येक टेस्टला वेगळी छोटी कुपी दिली. कॅसेटवर "सुरू केली ___ वाजता" अशी रिकामी जागा छापली. यातल्या प्रत्येक बदलाने किंमत थोडी वाढली. नळीवर आमच्या सेल्सवाल्यांनी सर्वात जास्त आरडाओरड केली, आणि तिचाच सर्वात जास्त उपयोग झाला.

आता हवा. तुम्ही नवी मुंबईत आहात, तेव्हा हे तुम्हाला कुणी सांगायला नको, पण सांगते. एका जुलैत आमच्या असेंब्ली रूमचा डिह्युमिडिफायर दुपारी बंद पडला. त्या खोलीत आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते. बाहेर खाडीवरून येणारी हवा पिळून काढावी अशी. मुली जेवायला गेल्या होत्या आणि गोल्ड (रेघेला लाल रंग देणारे सोन्याचे सूक्ष्म कण) लावून वाळवलेल्या कंजुगेट पॅडचा ट्रे उघडाच राहिला. तासाभराची गोष्ट. त्या दिवशीची क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, पास झाली, माल पाउचमध्ये गेला. ऑक्टोबरमध्ये तक्रारी आल्या: "रेघ फिकी येते." आम्ही त्याच बॅचची ठेवणीतली किट काढून चालवली. कंट्रोल लाइन (दर वेळी यायलाच हवी ती रेघ) व्यवस्थित, लालभडक. जोरदार पॉझिटिव्ह सॅम्पलची रेघही येत होती. कमकुवत पॉझिटिव्ह मात्र गायब. कॅसेट उघडून बघितली तर पॅड चालवून झाल्यावरही गुलाबीच होता. पॅडवर गोल्डसोबत साखर वाळवलेली असते, ओलं झाल्याबरोबर गोल्ड सुटावं म्हणून. त्या साखरेने तासाभरात हवेतलं पाणी ओढलं होतं आणि अर्धं गोल्ड पॅडलाच चिकटून बसलं होतं. ती अख्खी बॅच परत मागवली.

यातून एक गोष्ट तुम्ही आजच वहीत लिहून ठेवा. कंट्रोल लाइन आली याचा अर्थ पाणी शेवटपर्यंत चढलं आणि थोडंफार गोल्ड जिवंत आहे, एवढाच. टेस्ट लाइनवरची अँटिबॉडी शाबूत आहे की नाही, सॅम्पल पुरेसं पडलं की नाही, यातलं कंट्रोल लाइन काहीही सांगत नाही. म्हणून रोजच्या तपासणीत ठसठशीत पॉझिटिव्ह चालवून काही मिळत नाही. नेहमी अगदी काठावरचं पॉझिटिव्ह चालवा. ते बिघडलं की सगळं बिघडायच्या आधी कळतं. (गोल्डच्या बाबतीत तुम्ही मिठाची चाचणी करत असालच. अँटिबॉडी लावलेल्या गोल्डमध्ये १० टक्के मिठाचं पाणी टाकायचं, लाल राहिलं तर ठीक, निळं-जांभळं पडलं तर आवरण अपुरं. करत नसाल तर उद्यापासून करा, फुकट आहे.)

उन्हाळ्याचंही तेच. पाउचवर आपण "३० अंशांच्या आत ठेवा" छापतो आणि माल मे महिन्यात भिवंडीच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडतो. ४५ अंशांवर काही आठवडे ठेवून किट टिकलं म्हणजे दोन वर्षं टिकेल असा अंदाज सगळे करतात, मीही करते. पण तो अंदाजच. खऱ्या तापमानाला खरे महिने ठेवून बघण्याला पर्याय नाही, आणि ते घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू करावं लागतं.

आता किमतीचं. स्ट्रिप महाग असते हा गैरसमज आहे. ३० सेंटीमीटरच्या एका कार्डातून ४ मिलीमीटरच्या ७५ स्ट्रिप कापल्या जातात. लाइन मारताना दर सेंटीमीटरला साधारण १ मायक्रोलीटर अँटिबॉडी जाते. तिचं प्रमाण मिलीलीटरला १ मिलीग्रॅम धरलं तर एका स्ट्रिपला ०.४ मायक्रोग्रॅम. म्हणजे १ मिलीग्रॅम अँटिबॉडीत कागदोपत्री २५०० स्ट्रिपच्या लाइन होतात. सोन्याचं नाव मोठं, पण स्ट्रिपमध्ये ते इतकं कमी असतं की हिशेबातही येत नाही. पैसा जातो लॅन्सेट, नळी, कुपी, अॅल्युमिनियम पाउच, सिलिका जेल, कॅसेट, माहितीपत्रक, डबा यांत. मग क्यूसीत फेकलेल्या मालात, मग डिस्ट्रिब्युटरच्या कमिशनमध्ये, मग सरकारी टेंडरच्या थकलेल्या बिलात. तुम्ही ५० रुपये म्हणजे तुमचा खर्च म्हणताय की पेशंटच्या खिशातून जाणारे ५०? ते दोन ५० फार वेगळे आहेत. किंमत उतरवायची तर अँटिबॉडी पातळ करू नका, सगळे तिथूनच सुरुवात करतात. वाया जाणाऱ्या स्ट्रिप कमी करा. आणि तीनऐवजी दोनच रोग ठेवा.

लायसन्सला किती वेळ, याचं उत्तर दिवसांत देण्यासारखं नाही. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ प्रमाणे चाचण्या ए, बी, सी, डी अशा चार वर्गांत जातात. ए आणि बीचं उत्पादनाचं लायसन्स राज्याकडून, सी आणि डीचं केंद्राकडून, म्हणजे सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडून. साथीच्या रोगांच्या चाचण्यांबाबत सी धरूनच तयारी करा. विक्रीच्या आधी, तपासणीपुरता थोडा माल बनवायलाही परवानगी लागते. त्यासाठी एमडी-१२ फॉर्म भरायचा, एमडी-१३ मिळतं. तिघांच्या खोलीत बनवलेल्या स्ट्रिप पेशंटवर चालवून त्यावरून औषध ठरवू नका, कितीही मोह झाला तरी. आयएसओ १३४८५ची (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्तेच्या मानकाची) कागदपत्रं नंतर बघू म्हणाल तर पस्तावाल; आजच्या वहीत बॅच नंबर आणि तारीख नसेल तर आजचं काम पुढे कुणीही धरणार नाही. पैशाचं म्हणाल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची बिग ग्रँट ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी मिळते. अर्ज करा.

कुणीतरी नक्की सांगेल की स्ट्रिप जुनी झाली, आता मॉलिक्युलर, म्हणजे रोगजंतूचा डीएनए-आरएनए पकडणारी चाचणी, करा. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट मशीन बॅटरीवर चालतं आणि टीबीसाठी २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते मान्य केलं, तेव्हा हे अशक्य नाही. डीएनए वाढवायच्या लॅम्प पद्धतीत तर ६५ अंशांच्या आसपास एकच तापमान पुरतं. पण ट्यूब एकदा चुकून उघडली की वाढवलेला डीएनए खोलीभर होतो आणि मग पाण्याचं सॅम्पलही पॉझिटिव्ह येतं. तिघांनी, एका खोलीत, सध्या तरी नको.

थोडक्यात माझं म्हणणं: आधी वापरणारा ठरवा, मग तापाचा दिवस, मग कोणते दोन रोग. लेप्टो बाजूला ठेवा, डेंग्यूचं एनएस१ आणि मलेरिया (पीएलडीएचसकट) वेगळ्या स्ट्रिपवर घ्या. या दोन्ही पहिल्या तीन-चार दिवसांत, म्हणजे माणूस उपकेंद्रात येतो तेव्हाच, सर्वात उपयोगी पडतात.

आणि कॅलेंडर बघा. ठाण्यात तापाची सॅम्पल जून ते ऑक्टोबर मिळतात. ती हुकली की वर्ष गेलं. त्यासाठी एखाद्या मेडिकल कॉलेजशी आताच बोलायला हवं, कारण एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, लॅबमध्ये उरलेल्या रक्तालाही. तुलना लॅबमधल्या एनएस१ एलायझा चाचणीशी आणि मायक्रोस्कोपखालच्या मलेरियाच्या स्लाइडशी करा, दुसऱ्या कंपनीच्या स्ट्रिपशी नको. प्रत्येक सॅम्पलसोबत तापाचा कितवा दिवस ते लिहून घ्याच. ते नसेल तर सॅम्पल घेऊ नका.

तोपर्यंत एक काम घरीच होईल. तुमच्या १० स्ट्रिप घ्या. ५ सिलिका जेलसकट बंद पाउचमध्ये ठेवा, ५ रात्रभर खिडकीपाशी उघड्या. सकाळी दहाही स्ट्रिप एकाच कमकुवत पॉझिटिव्हवर चालवा, आणि वाचायला अशा कुणाला तरी बसवा ज्याला कोणती कुठली ते माहीत नाही. फरक दिसला तर फोटो टाका, आणि तो कितव्या मिनिटाला काढला तेही लिहा.